दुबईवरनं आबांसाठी घड्याळ आणायचंय, कस्टमला किती बसतंय?

शिरोलीकर_87 | 14 नोव्हेंबर 2025

नमस्कार मंडळी. आमच्या आबांची एकसष्टी जानेवारीत आहे. माणूस आयुष्यभर एसटीत कंडक्टर, मनगटावर कायम तेच एचएमटी, काच दोनदा बदललेली, चावी देताना अजून कानाला लावून बघतात. तर मी आणि ताईनं ठरवलं की यावेळी शालजोडी नारळ बाजूला ठेवायचा आणि एक चांगलं स्विस ऑटोमॅटिक घ्यायचं, निम्मे पैसे तिचे निम्मे माझे.

दाजी सहा वर्षं दुबईत नोकरीला आहेत. तिथल्या शोरूममध्ये त्यांनी विचारलं तर 22,000 दिरहम, म्हणजे दिरहम 24 रुपये धरला तर 5 लाख 28 हजार. तेच मॉडेल पुण्यात विचारलं तर जीएसटी धरून 6 लाख 35 हजार. लाखाच्या वर फरक आहे म्हटल्यावर डोकं फिरणारच ना.

दाजी म्हणतात मी हातात घालून येतो, बॉक्स नंतर कुणाबरोबर तरी पाठवू, कोण बघतंय. वर तिथला 5 टक्के व्हॅट पण परत मिळतो म्हणे. ताई म्हणते असलं काही करू नका, आबांना कळलं तर घड्याळ हातात घेणार नाहीत, विनातिकीट माणसाला आयुष्यभर खाली उतरवलंय त्यांनी.

तर ड्युटी नक्की किती लागते? ताई पण बरोबर येणार आहे, मग दोघांची सूट एकत्र धरता येते का? आणि स्वित्झर्लंडबरोबर करार झाला, स्विस घड्याळाची ड्युटी गेली असं कुठंतरी वाचलं, ते कितपत खरं?

खटक्यावर_बोट

भावा एवढं डोकं कशाला लावतोस. फुल शर्ट घाल म्हणावं दाजींना आणि ग्रीन चॅनलमधनं, म्हणजे 'ड्युटीचं काही नाही' म्हणणाऱ्यांच्या वाटेनं, ताठ मानेनं चाल. आमच्या गल्लीत निम्मी घड्याळं अशीच आलीत.

राजारामपुरी_सीए

वरच्या भावाचा सल्ला ऐकू नका, कारण पुढं सांगतो. आधी हिशोब करू.

आज, म्हणजे नोव्हेंबर 2025 मध्ये, बॅगेज रूल्स 2016 लागू आहेत, त्याप्रमाणे परदेशातनं येणाऱ्या माणसाला 50,000 रुपयांपर्यंतच्या सामानाची सूट आहे (नेपाळ, भूतान, म्यानमार सोडून, तिथलं वेगळं). त्याच्या वरच्या रकमेवर 35 टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर 10 टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, मिळून 38.5 टक्के. म्हणजे 5,28,000 वजा 50,000, राहिले 4,78,000, त्याचे 38.5 टक्के झाले 1,84,030. घड्याळ पडलं 7,12,030 ला. पुण्यापेक्षा 77 हजारांनी महाग! आणि ही दाजींनी सूट दुसऱ्या कशावर वापरली नाही असं धरून. पोरांसाठी टॅब आणि खोकंभर परफ्यूम आणला तर ते पण त्याच 50 हजारांत बसवायचं.

दोघांची सूट एकत्र होत नाही, नियमात स्पष्ट लिहिलंय. एका वस्तूला एकाच माणसाची सूट.

आता व्हॅटचं. दुबईतली रिफंड स्कीम टुरिस्टसाठी आहे. दाजी तिथले रेसिडेंट, त्यांना एक दिरहम परत मिळणार नाही. तुम्ही स्वतः फिरायला गेलात आणि घेतलं तर मिळेल, पण तेव्हाही भरलेल्या व्हॅटच्या 85 टक्केच मिळतात आणि त्यातनं 4.80 दिरहम फी कापतात. तुमच्या बिलावर साधारण 885 दिरहम, म्हणजे 21 हजार रुपये. तेवढ्यानं 77 हजारांचा खड्डा भरत नाही.

आणि हातात घालून येण्याबद्दल. सूट देताना नियमात 'अंगावर किंवा सोबतच्या सामानात' असे शब्द आहेत, त्यामुळं मनगटावर घातलं म्हणजे हिशोबातनं सुटलं असं नाही. वापरातल्या वैयक्तिक वस्तूंना सूट असते ते खरं, पण परवा घेतलेलं, काचेवरचं प्लास्टिक काल काढलेलं घड्याळ वापरातलं आहे हे तुम्ही ऑफिसरला कसं पटवणार?

शिरोलीकर_87

साहेब हे डोक्यावरनं गेलं. दुकानदार पण ड्युटी भरूनच आणतो ना? मग तो 6.35 ला कसा विकतोय आणि आम्हाला 7.12 ला का पडतंय?

राजारामपुरी_सीए

मेख इथंच आहे. कंपनी किंवा डीलर माल आणतो तेव्हा ड्युटी लागते ती आयात बिलाच्या किमतीवर, म्हणजे होलसेल. मनगटी घड्याळावर मूळ ड्युटी 20 टक्के (2018 च्या बजेटच्या आधी 10 होती), त्यावर सरचार्ज धरून 22, मग सगळ्यावर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), एकूण 43.96 टक्के. आकडा तुमच्या 38.5 पेक्षा मोठा दिसतोय, पण त्यातल्या आयजीएसटीचं डीलरला क्रेडिट मिळतं (पुढचा जीएसटी भरताना तेवढे वजा होतात) आणि किंमतही होलसेलची. तुम्ही मात्र दुबईच्या शोरूमचा नफा, भाडं, एसी, त्यांचा व्हॅट हे सगळं ज्यात आहे त्या बिलावर 38.5 भरताय. मग पुण्यातलं स्वस्त पडणारच की.

स्विस कराराचं अर्धं खरं आहे. भारत आणि एफ्टा, म्हणजे स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनस्टाईन, यांच्यातला करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. त्यात स्विस घड्याळांची ड्युटी सात वर्षांत हळूहळू शून्यावर आणायचीय, एका रात्रीत नाही. आणि ती सवलत घड्याळ म्हणून रीतसर आयात होणाऱ्या मालाला, तिथलंच आहे याचा पुरावा जोडून. प्रवाशाच्या सामानाला कस्टमच्या टॅरिफमध्ये वेगळा नंबर आहे, 9803, त्यात हिरे असोत नाहीतर भांडी, बॅगेजचाच दर. त्यामुळं करारानं उद्या काही स्वस्त झालंच तर ते पुण्यातल्या दुकानात होईल, दाजींच्या मनगटावर नाही.

पंचगंगा_काठचा

मी बोलणार नव्हतो पण खटक्यावर बोट ठेवणारे दादा बघून राहवलं नाही. दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं. कुठला एअरपोर्ट ते राहू दे. घड्याळ 3 लाख 10 हजारांचं, हातात, फुल शर्ट, सगळं तुम्ही म्हणताय तसं. ग्रीन चॅनलमधनं दहा पावलं गेलो असेन, एकानं शांतपणे विचारलं, सर टाइम काय झाला? मी येडा, बाही वर करून टाइम सांगितला.

मग बाजूच्या टेबलावर नेलं. बिल आहे का, तर नाही म्हटलं. जुनं आहे म्हटलं. त्यानं मोबाईलवर मॉडेल काढलं, किंमत दाखवली, माझ्याच बॅगेतनं शोरूमची कागदी पिशवी काढली. बायकोनं साडी गुंडाळायला ठेवली होती ती. घड्याळ एका पाकिटात घालून सील केलं, माझी सही घेतली, हातात एक पावती. मनगटावर पांढरा पट्टा तेवढा राहिला उन्हाचा.

नंतर रात्रीच्या गाडीनं तीन चकरा. डिक्लेअर केलं नाही म्हणून 50 हजारांची सूट पण दिली नाही, पूर्ण 3,10,000 वर 38.5 टक्के म्हणजे 1,19,350, वर सोडवून घ्यायचा दंड आणि माझ्यावरची पेनल्टी मिळून साठेक हजार, वकिलाचे वेगळे. ऑफिसर नीट वागले, खोटं कशाला बोलू. पण चार महिन्यांनी घड्याळ हातात आलं तेव्हा ते बंद पडलेलं, आणि ते ऑटोमॅटिक असल्यानं न घालता बंद पडतंच हे सुद्धा मला माहीत नव्हतं, मी अजून एक शिवी घातली.

खटक्यावर_बोट

टाइम काय झाला 😂😂 नाद खुळा. बरं भावा, माघार.

उद्यमनगरचा_टर्नर

एक उलटी गोष्ट पण लक्षात ठेवा. आमच्या शेठना मशीन बघायला जर्मनीला जावं लागतं आणि हातात भारी घड्याळ असतं, इथंच घेतलेलं. ते जाताना एअरपोर्टवर कस्टमकडनं एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घेतात, त्यात घड्याळाचा सिरियल नंबर येतो, म्हणजे परत येताना हे कुठनं आणलं म्हणून विचारलं तर कागद दाखवायचा. त्यासाठी तासभर आधी जातात, आम्ही हसायचो, आता पंचगंगावाल्यांचं वाचून हसू गेलं.

घड्याळ_मास्तर

पोरा, पस्तीस वर्षं भिंग डोळ्याला लावून बसलोय, माझं पण ऐक. आमच्या उमेदवारीच्या दिवसांत गिऱ्हाईक 'दुबईचं आहे' असं छाती फुगवून सांगायचं, तेव्हा बाहेरचं घड्याळ बाजारात सरळ मिळायचंच नाही. आता तेच गिऱ्हाईक दहा वर्षांनी विकायला काढतं आणि घेणारा पहिला प्रश्न विचारतो, बिल, बॉक्स, कार्ड कुठंय. तुझे दाजी बॉक्स एकाबरोबर आणि कार्ड दुसऱ्याबरोबर पाठवणार, त्यातलं एक तरी हरवणार हे लिहून देतो. वॉरंटी कार्ड नसेल तर पहिल्या दोन वर्षांत काही झालं तरी पैसे मोजून दुरुस्ती.

दाजींनी आणायचं नक्की केलंच असेल तर रेड चॅनलमधनं जायचं, बिल दाखवायचं, पैसे भरायचे आणि ती ड्युटीची पावती बिलालाच टाचायची. माझ्याकडं सर्व्हिसला येतात त्यात पावतीवालं घड्याळ शंभरात एखादं, पण विकताना त्याचाच मालक निवांत असतो.

राजारामपुरी_सीए

मास्तरांच्या बोलण्यात भर. खरं डिक्लेअर केलं आणि तिथं ड्युटी ऐकून घाम फुटला, तर घड्याळ कस्टमकडं ठेवून परत जाताना सोबत न्यायची विनंती करता येते, कस्टम्स ॲक्टचं कलम 80. पण ते खरं सांगणाऱ्यालाच.

पुण्यात घेणार असाल तर 2 लाखांच्या वर पॅन लागेल, आणि 2 लाख किंवा जास्त कॅश दुकानदाराला घेताच येत नाही, तेव्हा आधी बँकेत बघा. एप्रिल 2025 पासून 10 लाखांवरच्या घड्याळाला 1 टक्का टीसीएस (दुकानदार बिलावरच वसूल करतो तो आयकर) लागतो, तुमचं त्यात येत नाही.

शिरोलीकर_87 | 17 नोव्हेंबर 2025

सगळ्यांचे आभार. काल दाजींना व्हिडिओ कॉलवर हे सगळं वाचून दाखवलं. 7 लाख 12 हजारला काही बोलले नाहीत, पण 'सर टाइम काय झाला' ला असे हसले की ताईनं फोन काढून घेतला. आता ठरलंय, दाजी पैसे पाठवतात, घड्याळ पुण्यातनं. रविवारी जातोय. पुण्याच्या माणसाला जरा अजून खाली आणता येतंय का बघतो.

मास्तर, एकच अडचण. पट्टा स्टीलचा आहे आणि आबांचं मनगट बारीक. झोपेत सुतळीनं मोजलं, साडेसहा इंच भरलं. कड्या काढायला तुमच्याकडं येऊ का?

घड्याळ_मास्तर

ये की. आबांना पण घेऊन ये, झोपेतलं माप खरं नसतं, दुपारी मनगट सुजतं थोडं. आणि काढलेल्या कड्या टाकू नकोस, बॉक्समध्येच ठेव. ते एचएमटी पण आण, बघतो एकदा उघडून.