बाबांचा हत्तीपाय: रक्तात जंतू नाहीत तरी ताप का येतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय, पण पूर्ण वाचा प्लीज.

बाबा ६४ वर्षांचे, गावी चंद्रपूर जिल्ह्यात धानाची शेती. उजव्या पायाला वीसेक वर्षांपासून सूज आहे, आधी संध्याकाळी यायची आणि सकाळी उतरायची, आता उतरतच नाही, घोट्याजवळची कातडी जाड झालीय, बोटाने दाबलं तर खड्डासुद्धा पडत नाही. हत्तीरोग आहे हे माहीत आहे. दरवर्षी घरी येऊन देतात त्या डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या ते घेतात. हे जंतू रात्री रक्तात फिरतात म्हणून रात्री रक्त घेतात ना, ती तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा निगेटिव्ह.

पण रोवणी सुरू झाली की अवधाण ठरलेलं. जांघेत गाठ, हुडहुडी भरून ताप, पाय लालबुंद आणि गरम. या वर्षी तीनदा झालं आणि दर वेळी पाय आधीपेक्षा थोडा जाडच राहतो. एका डॉक्टरांनी लघवीच्या गोळ्या दिल्या, काही फरक नाही. आई फोनवर रडते, मी इथे पुण्यात बसून काय करणार.

मला कळत नाहीये ते हे की जंतूच नाहीत तर ही आग कशाची? आणि जांघेतल्या गाठी प्रतिकारशक्तीच्या असतात म्हणतात, मग त्या सुजतात म्हणजे प्रतिकारशक्ती काम करतेय का कमी पडतेय?

प्रतिसाद:
दादा, मी हत्तीरोगाच्या पेशंटसोबत बरीच वर्षं काम केलंय म्हणून लिहितेय. जंतू मेले तरी त्यांनी केलेली मोडतोड राहते. मोठे जंतू लसिकावाहिन्यांत ६-८ वर्षं राहतात, त्यात वाहिन्या फुगतात आणि आतल्या झडपा निकामी होतात. रक्तातून झिरपलेलं पाणी, प्रथिनं आणि पेशी परत न्यायचं काम याच वाहिन्यांचं, दिवसाला काही लिटर. ते तुंबलं की प्रथिनं तिथेच साचतात, पेशी गोळा होऊन सतत धुमसत राहतात, मग चरबी आणि चिवट तंतू तयार होतात, म्हणून खड्डा पडत नाही. लघवीच्या गोळीने पाणी जाईल पण प्रथिनं तिथेच राहणार.

तुमचा दुसरा प्रश्न. गाठ काम करतेय, पण कातडीतून शिरलेल्या जीवाणूची खबर घेऊन ज्या पेशी गाठीपर्यंत जातात त्यांचा रस्ताच तुंबलाय, तेवढ्यात जीवाणू पायात पसरतो. ताप येतो तो बहुतेक या साध्या जीवाणूंचा, हत्तीरोगाच्या जंतूंचा नाही. आणि दर तापात आणखी वाहिन्या खराब होतात.

आता खरं विचारायचं ते, बाबांच्या पायाच्या बोटांत चिखल्या आहेत का? बहुतेक वेळा शिरकाव तिथूनच होतो. रोज साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या मऊ कपड्याने कोरड्या करा, बुरशीचं मलम लावा, रात्री पाय उशीवर. ताप असताना पट्टी नको, चोळणं नको, गार पाण्याची घडी ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा, अँटिबायोटिक लागेल. पाय पूर्ववत होईल असं मी सांगणार नाही, पण ताप खूप कमी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मूळ पोस्टवाला:
ताई खूप आभार. आत्ताच आईला फोन करून विचारलं, चारही बेचक्यांत चिखल्या आहेत, बाबा इतकी वर्षं त्यावर हळद लावून बांधीत, म्हणजे धानाच्या चिखलात, उतरत होते आणि आम्ही कुणी पायाची बोटं फाकवून बघितलीच नाहीत. पीएचसीत टब, मग्गा आणि मलमाचा संच मिळतो असं कळलं, उद्या भाऊ जातोय. आता एकच अडचण, बांधीत उतरायला गमबूट घेतला तर सुजलेल्या पायात शिरत नाही. एक पाय मोठ्या मापाचा असा जोड कुणी शिवून किंवा बनवून घेतलाय का? नागपूर, चंद्रपूर कुठेही चालेल.