वॉरगेम खेळून इतिहास-भूगोल शिकायचा तर नेमकं काय पाहायचं?

वाटाड्या_७ (प्रश्न)

युरोपा युनिव्हर्सालिस ४ किंवा हार्ट्स ऑफ आयर्न ४ या संगणकावरच्या युद्धखेळांत मुरलेला खेळाडू बेसाराबिया, ट्रान्सिल्व्हेनिया, एस्टोनिया नकाशावर झटकन दाखवतो. तोच खेळाडू पहिलं महायुद्ध कशावरून पेटलं, या प्रश्नावर चाचपडतो. म्हणजे या खेळांतून काहीतरी पक्कं होतं आणि काहीतरी हमखास चुकीचं डोक्यात बसतं. भरवशाचं काय मानायचं? कुठला खेळ कशासाठी? आणि खेळताना वेगळं काय करायचं? "गोडी लागते हो" हे उत्तर नको. बोर्डगेमही चालतील. शिकणारा चौदा-पंधरा वर्षांपुढचा धरा.

कागदी_तोफ

या खेळांतला इतिहास पॉज काढेपर्यंतच खरा असतो. सुरुवातीच्या तारखेला कुठला मुलूख कोणाचा, गादीवर कोण, मांडलिक कोण, हे बनवणाऱ्यांनी बऱ्यापैकी अभ्यास करून भरलेलं असतं. घड्याळ चालू झालं की पुढचं सगळं तुमच्या आणि कॉम्प्युटरच्या मर्जीवर. म्हणून पहिला तासभर पॉजवरच घालवायचा.

युरोपा ४ घ्या. सुरुवात ११ नोव्हेंबर १४४४. तारीख उगाच निवडलेली नाही. आदल्याच दिवशी वर्नाची लढाई झाली, ऑटोमन जिंकले आणि व्लादिस्लाव तिसरा मारला गेला. तो पोलंडचाही राजा होता आणि हंगेरीचाही. आता नकाशावर हे दोन्ही देश उघडून बघा: दोन्हीकडे गादी रिकामी. शेजारच्या लिथुआनियात त्याचाच धाकटा भाऊ काझिमिर बसलाय. १४४७ मध्ये तो पोलंडचा राजा झाला. पोलंड घेऊन खेळणाऱ्याला लिथुआनियाशी जोडून घेण्याचा इव्हेंट का येतो, त्याचं उत्तर इथे आहे. इव्हेंटचा मजकूर न वाचता बटण दाबणाऱ्याला फक्त बोनस आठवतो.

तिथेच थोडं दक्षिणेला सरका. ऑटोमन मुलूख सामुद्रधुनीच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आणि मधल्या सांध्यावर कॉन्स्टँटिनोपल एकटं. १४५३ चा वेढा का पडला हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

पद्धत अशी. कोरा नकाशा छापून घ्या. पाच देश निवडा. प्रत्येकाचे तीन प्रश्न: राजा कोण, वैर कोणाशी, समुद्राला वाट कुठून. उत्तरं आधी खेळातून काढा, मग बाहेर पडताळा. त्यानंतर पॉज काढून १५०० पर्यंत खेळा, थांबा, आणि आपला नकाशा खऱ्या १५०० च्या नकाशाशेजारी ठेवा. जिथे फरक दिसतो, तिथे खरं काय घडलं ते वाचायचं. बर्गंडी यासाठी फार छान. १४७७ मध्ये तिथला ड्यूक शार्ल नॅन्सीच्या लढाईत पडला, मुलगा नव्हता, मुलगी मेरीने मॅक्सिमिलियनशी लग्न केलं आणि नेदरलँड्सचा मुलूख त्याच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला. तुमच्या खेळात बर्गंडी जिवंत असेल तर पुढच्या शंभर वर्षांत काय काय घडलं नसतं, याची यादी करायला बसा.

आयर्नमॅन मोड बंद ठेवा. त्यात एकच सेव्ह राहते, मागे जाता येत नाही आणि कन्सोलही (हुकूम टाइप करायची खिडकी) चालत नाही.

रूळबदल

तोफसाहेबांचं इतिहासाबद्दल पटलं. भूगोलाचं मात्र तसं नाही. डोंगर, नद्या, खाणी पॉज काढल्यावर जागच्या हलत नाहीत, त्यामुळे भूगोल शेवटच्या मिनिटापर्यंत शिकता येतो.

यासाठी हार्ट्स ऑफ आयर्न ४. १ जानेवारी १९३६ ला जर्मनी घ्या आणि सैन्याला हात न लावता आधी कच्च्या मालाची यादी उघडा: तेल, रबर, ॲल्युमिनियम, पोलाद, टंगस्टन, क्रोमियम. जे कमी पडतंय ते कोण विकतो, ते बघा. क्रोमियमसाठी तुर्कस्तान, रबरासाठी मलाया आणि डच ईस्ट इंडीज, तेलासाठी रुमानिया. आता खेळाबाहेर या. तुर्कस्तान युद्धात बराच काळ तटस्थ राहूनही दोन्ही बाजू त्याची मनधरणी का करत होत्या? जपान १९४१ च्या डिसेंबरात मलायात का उतरला? निम्मं उत्तर त्या यादीतच आहे.

खेळ अर्धंच सांगतो अशीही ठिकाणं आहेत, आणि तीच जास्त कामाची. स्वीडनचं लोहखनिज घ्या. खेळात व्यापार केला की पोलाद येतं, विषय संपला. प्रत्यक्षात किरुनाचं खनिज उन्हाळ्यात बाल्टिकच्या बाजूने लुलिओ बंदरातून निघायचं. हिवाळ्यात ते बंदर गोठतं. मग रेल्वेने नॉर्वेच्या नार्विकला, कारण तिथे उबदार सागरी प्रवाहामुळे पाणी गोठत नाही. नार्विक लुलिओच्याही उत्तरेला आहे, हे नकाशावर बोट ठेवून बघा. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने नॉर्वेवर चाल केली, त्यामागे हा एक मोठा हिशोब होता. एका आक्रमणात अक्षांश, सागरी प्रवाह, बंदर आणि रेल्वे असे चार धडे आले.

नवख्यांचं गाडं हमखास अडतं ते पूर्व आघाडीवर. सोव्हिएत मुलखात रणगाडे सुसाट घुसवतात आणि चार आठवड्यांत अख्खी फळी उपाशी. त्या वेळी पुरवठ्याचा मॅप मोड लावा. पुरवठा रेल्वे आणि डेपोंच्या मागून येतो, बाणांच्या मागून नाही. खऱ्या १९४१ मध्ये त्यात रुळांच्या रुंदीची भर होती: सोव्हिएत १,५२४ मिमी, जर्मन १,४३५ मिमी. रूळ सरकवल्याशिवाय जर्मन गाड्या पुढे जात नव्हत्या. आजच्या बेलारूस-युक्रेन सीमेवरची प्रिप्येतची दलदलही शोधा. ती मध्ये असल्यामुळेच आक्रमण उत्तर-दक्षिण फाटलं.

सोंगट्या_बाजूला_ठेवा

बोर्डगेमबद्दल. रिस्क शिकायला सोपा, पण त्यावर भूगोल शिकू नका, फार तर खंड ओळखा. ४२ प्रदेश, त्यात युरोपला ७ आणि आफ्रिकेला ६; यावरून आकाराचा अंदाज बांधाल तर फसाल. युक्रेन नावाचा प्रदेश रशियाचा युरोपीय भाग गिळून बसलाय. एक गोष्ट मात्र रिस्क पक्की शिकवतो: चिंचोळ्या वाटेची किंमत. ऑस्ट्रेलियाला फक्त सयाममधून शिरता येतं, म्हणून तो राखणं सोपं.

खरा खजिना डिप्लोमसी. फासे नाहीत, सात सत्ता, ३४ पुरवठा केंद्रं, १८ मिळवली की जिंकलात. सेंट पीटर्सबर्गला उत्तर आणि दक्षिण असे दोन वेगळे किनारे आहेत. दक्षिण किनाऱ्यावरचं रशियन आरमार नॉर्वेला थेट जाऊ शकत नाही, त्याला अख्ख्या स्कँडिनेव्हियाला वळसा. नवखे याला नियमातली खोड समजतात, पण तो भूगोल आहे; श्वेत समुद्र आणि बाल्टिक जोडणारा कालवा १९३३ मध्ये झाला. काळ्या समुद्रातलं आरमार कॉन्स्टँटिनोपलशिवाय बाहेर पडत नाही, तेही तसंच. दोन डाव झाले की रशियाची सामुद्रधुनीसाठीची धडपड कळते.

यातही चुका आहेत, त्या शोधायला लावा. डाव १९०१ च्या वसंतात सुरू होतो, पण नकाशावर अल्बानिया आहे. तो स्वतंत्र झाला १९१२ मध्ये. नॉर्वे वेगळा दाखवलाय, पण १९०५ पर्यंत तो स्वीडनच्याच राजाखाली होता. अशी विसंगती ज्याने स्वतः पकडली, त्याला ती सालं पाठ करावी लागत नाहीत.

दुसरी_बाजू

वरचं सगळं मान्य, पण खेळ काय गाळतात तेही बोला. हार्ट्स ऑफ आयर्न ४ मध्ये ज्यूंचा संहार कुठेच नाही. युरोपा ४ मध्ये अमेरिकेचे कितीतरी प्रांत 'रिकामे' दिसतात, तिथली माणसं म्हणजे खिडकीतला एक आकडा. त्याच खेळातल्या व्यापाराच्या बाणांची दिशा बदलता येत नाही, सगळं वाहत शेवटी व्हेनिस, जिनोव्हा किंवा इंग्लिश चॅनलला. प्रत्यक्षात अमेरिकेची चांदी मनिलामार्गे चीनकडे जात होती, म्हणजे उलट्या दिशेने. मुलांना पडद्यावर दिसतं तेवढंच घडलं असं वाटतं, आणि ते वाटणं नकाशा पाठ होण्यापेक्षा जास्त टिकतं.

शिवाय सपाट नकाशात उत्तरेकडचे देश फुगतात. आफ्रिका ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे. शेजारी पृथ्वीगोल ठेवा, दुसरा उपाय नाही.

वाटाड्या_७

भरपूर मिळालं, आभार. दोन अडचणी. संगणकावरच्या या खेळांत पहिले कित्येक तास बटणं शिकण्यातच जातात. आणि डिप्लोमसीला सात जण आणायचे कुठून?

कागदी_तोफ

बटणांसाठी मोठी सत्ता घेऊ नका. हार्ट्समध्ये १९३६ चा इटली बरा, कारण इथिओपियाची लहान लढाई आयती चालू असते. युरोपा ४ मध्ये पोर्तुगाल: एकच शेजारी, समोर समुद्र, आणि किनाऱ्याने आफ्रिका उलगडत जाणं हाच धडा. खेळायचंच नसेल तर कन्सोलमध्ये 'ऑब्झर्व्ह' टाका, सगळे देश कॉम्प्युटर चालवतो आणि तुम्ही नुसतं बघता.

सोंगट्या_बाजूला_ठेवा

डिप्लोमसी सहा जणांत: इटली कोणी घ्यायचा नाही. पाच जणांत: इटली आणि जर्मनी दोन्ही रिकामे. त्यांची पथकं जागेवर उभी राहून फक्त स्वतःचा बचाव करतात, कोणाला पाठिंबा देत नाहीत. पाचपेक्षा कमी असाल तर या खेळात राम नाही, वाटाघाटीच होत नाहीत. बोलण्याला प्रत्येक फेरीत पंधरा मिनिटांची मर्यादा घाला आणि हुकूम कागदावर लिहूनच घ्या. तोंडी घेतले की भांडणं होतात.