दुखत नसला तरी दाखवा
तीळ दुखत नाही, मग डॉक्टरकडे कशाला, असं एकाने विचारलंय. अहो, मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर, सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, म्हणून तर लोक अंगावर काढतात. तीळ बदलतोय का ते बघा: कडा वेड्यावाकड्या, एकाच डागात दोन-तीन रंग, वाढता आकार.

सावळ्या त्वचेला हा कॅन्सर होत नाही, हा समज फार घातक आहे. तिथे तो जास्त करून तळपायावर, तळहातावर, नखाखाली निघतो. जमैकाचा प्रसिद्ध गायक बॉब मार्ली याला १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली निघाला. १९८१ मध्ये ३६व्या वर्षी तो गेला. नखात उभी काळी रेघ आली, रुंदावत गेली, नखाच्या मुळाशी कातडीही काळवंडली, तर मार लागला असेल म्हणत बसू नका. महिनाभर न भरणारी जखमही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. आणि बायोप्सीने (तपासणीसाठी छोटा तुकडा काढल्याने) कॅन्सर पसरतो ही भीती कृपया मनातून काढा.