साताऱ्यात चीड (हिमालयातला पाइन) लावायचाय: मुरमाड जमीन, बोअरचं क्षारट पाणी

प्रश्न
घरामागे 12 × 15 मीटर जागा. वर फूटभर तांबडी माती, खाली मुरूम. डोंगरातला देशी पाइन हवाय. नर्सरीत 'पाइन' म्हणून थराथरांच्या आडव्या फांद्यांचं रोप दाखवतात. तेच का?

रानमेवा
नाही, ते अरौकेरिया, ख्रिसमस ट्री म्हणून खपवतात. सह्याद्रीत देशी पाइन मुळातच नाही. चीड हिमालयातला, साधारण 450 ते 2300 मीटर उंचीवरचा. महाराष्ट्रात तो पाहुणाच. ओळख सोपी: एका झुबक्यात तीन सुया, 20 ते 30 सेंमी लांब. पाइनसारख्याच दिसणाऱ्या सुरूची 'सुई' ओढली की पेरावर सुटते, चीडाची सुटत नाही.

मुरमाड
मुरूम चांगलाच, निचरा होतो. पाऊस स्थिरावला की लावा. खड्डा 75 सेंमी रुंद, 60 खोल. तळाचा मुरूम पहारीने फोडा, नाहीतर पावसात खड्ड्याचं डबकं होतं आणि मुळं कुजतात. भरताना तांबडी माती दोन भाग, जाड वाळू एक, पानांचं कुजलेलं खत अर्धा. शेणखत-युरिया नको. वाढलेल्या चीडाखालची ओंजळभर माती मिळाली तर मुळांशी घाला. त्यातली बुरशी मुळांना अन्न पुरवते. ती नसली की रोप वर्षानुवर्षं खुजंच राहतं. पिशवीत मुळं गोल फिरली असतील तर ते रोप घेऊच नका.

बोअरचं पाणी टाळा, पावसाचं साठवून ठेवा. पहिले दोन उन्हाळे आठ-दहा दिवसांनी खोल पाणी द्या, रोज शिंपडू नका.

रानमेवा
भिंतीपासून किमान 8 मीटर सोडा, झाड 30 मीटर किंवा त्याहूनही उंच जातं. वाळलेल्या सुया भुरकन पेटतात, उन्हाळ्यात झाडून काढा.

कृष्णाकाठ
सांगलीच्या काळ्या मातीत?

मुरमाड
कठीण. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा, त्यात मुळं तुटतात. चुनखडीमुळे लोह मिळत नाही, कोवळ्या सुया आधी पिवळ्या पडतात. तशा जमिनीत हिराकस (लोह देणारं फेरस सल्फेट) मातीत घालणं वाया, त्याचाच 0.5 टक्के फवारा द्या, तोही तात्पुरताच. हट्टच असेल तर 45 सेंमी उंच, दोन मीटर रुंद मुरमाचा उंचवटा करून त्यावर लावा. मी मात्र तिथे जांभूळ लावेन.