'उस्कोक' या शब्दाला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : क्रोएशियाच्या किनाऱ्यावरील सेन्य या तटबंदीच्या गावाविषयी लिहितो आहे. १५३७ साली क्लिसचा किल्ला ऑटोमन फौजेने घेतला, तेव्हा तिथली लढवय्यी माणसे ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्याच्या अमलातील सेन्यला येऊन राहिली. त्यांना 'उस्कोक' म्हणत. मी 'निर्वासित' हा शब्द योजला आहे, पण तो खटकतो. जाणकारांनी मत द्यावे.

उत्तर : आपल्याला खटकले ते रास्तच आहे. 'निर्वासित' म्हटले की माणूस आपल्या ठिकाणाहून उठवला गेला एवढेच कळते. 'उस्कोक' मात्र 'उस्कोचिती', म्हणजे आत उडी घेणे, या क्रियापदावरून आला आहे. त्यात येणाऱ्याची हिंमत आहे, नुसती हतबलता नाही. 'परागंदा' शब्दात पांगापांग आहे, येऊन ठरणे नाही. 'उपरी' जवळचा वाटतो खरा, पण आपल्या जुन्या कागदांतला उपरी हा मिरास, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत हक्क, नसलेला, बाहेरून येऊन जमीन कसणारा शेतकरी असतो, आणि पुढे समुद्र व मागे वेलेबितचा डोंगर अशा सेन्यमध्ये उस्कोक जगत होते ते तलवारीवर. म्हणून 'उस्कोक' तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला अर्थ द्यावा.

खरी कसोटी पुढेच आहे. या लोकांत कासालिनी म्हणजे गावातले घरंदाज, स्तिपेंदियाती म्हणजे पगारपत्रकावर नाव असलेले आणि वेंतुरिनी म्हणजे पगाराविना मोहिमेवर जाऊन लुटीच्या वाट्यावर गुजराण करणारे, असे भेद होते. पहिल्या दोघांना 'घरंदाज' आणि 'पगारी' पुरेसे आहेत. तिसऱ्यासाठी मी 'उमेदवार' सुचवतो. आज तो शब्द निवडणुकीने व्यापला असला, तरी जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी राबणारा हाच त्याचा जुना अर्थ आहे, आणि 'दोन वर्षे उमेदवारी केली' असे म्हणताना तो अजून आपल्या तोंडी असतो.

शंका : लुटीवर जगणाऱ्याला आपल्याकडे 'पेंढारी' हा तयार शब्द असताना 'उमेदवार' कशाला?

उत्तर : पेंढारी फौजेच्या मागे फिरत असे, आणि उस्कोक सीमेवरच्या गावाचे रक्षण करत होते. १५५८ साली हॅब्सबर्गांचा सेनानी इवान लेंकोविच याने सेन्यच्या रक्षणासाठी नेहायचा किल्ला पुरा केला, तो तटाबाहेरची चर्चे, मठ आणि घरे पाडून त्यांच्या दगडांनी. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. ज्या गावाने बचावासाठी आपली देवळेही मोडली, त्याच्या रक्षकांना पेंढारी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पगारी उस्कोकांचे पगारही वर्षानुवर्षे थकत, त्यामुळे लूट हा केवळ वेंतुरिनींचा धंदा नव्हता. दोघांतला फरक पत्रकातल्या नावाचा होता आणि शब्दाने तोच दाखवला पाहिजे.

आणखी एक. हॅब्सबर्ग आणि व्हेनिस यांच्यातल्या १६१७ च्या माद्रिद तहानंतर उस्कोकांची गलबते जाळली गेली आणि त्यांतल्या अनेकांना आतल्या मुलखात नेऊन वसवले. तिथे 'पुनर्वसन' लिहू नये, 'उठवून नेले' लिहावे. याउलट १५३८ साली हॅब्सबर्ग राजा फर्डिनंडने झुंबेराक या डोंगराळ मुलखातल्या उस्कोकांना लष्करी चाकरीच्या बदल्यात वीस वर्षांची करमाफी दिली, तिला 'कौल', म्हणजे वसाहतीसाठी सरकारने दिलेले सवलतीचे वचन, हा जुना शब्द नेमका बसतो. 'इस्ताव्याचा कौल' मात्र म्हणू नये, कारण इस्ताव्यात सारा दरसाल चढत जातो.