आईच्या सर्व्हेच्या पेट्या, रद्दीत जाऊ द्यायच्या नाहीयेत

इंदूरची_लेक:
जरा लवकर सांगा, दिवाळीआधी रामबागेतलं घर खाली करायचंय. आई समाजशास्त्र शिकवायची, १९७० च्या दशकात तिनं सांवेर, देवासकडच्या गावांत घरोघरी जाऊन सर्व्हे केला होता, एकत्र कुटुंब, मुलींचं शिक्षण, शेतीत काय बदललं असं सगळं. पत्र्याच्या दोन पेट्या भरून फॉर्म आहेत, शिवाय डायऱ्या. भाऊ म्हणतो छापील रिपोर्ट आहे ना, तो ठेव, बाकी रद्दीत दे. काल एक गठ्ठा सोडला तर एका फॉर्मवर "घरात निर्णय कोण घेतं" समोर २ लिहिलंय आणि बाजूला पेन्सिलीनं आईचं अक्षर, "सून दाराआड उभी, उत्तरं सासूनं दिली". मला ते टाकवतच नाहीये. कोणाला द्यायचं हे?

बडोदेकर_काका:
अजिबात देऊ नकोस गं रद्दीत! रिपोर्टात ती सून नसणार, तिथे फक्त टक्केवारी. पण आधी कोडबुक शोध, १ म्हणजे काय नि २ म्हणजे काय तो कागद, तो नसला तर दोन्ही पेट्या मुक्या. आमच्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीत समाजशास्त्राचा विभाग उभा केला ते एम. एन. श्रीनिवास, त्यांच्या म्हैसूरकडच्या गावाच्या नीट लावलेल्या नोट्सच्या तिन्ही प्रती स्टॅनफर्डला एकाच ठिकाणी होत्या, २४ एप्रिल १९७० ला तिथे आग लावली गेली नि सगळं गेलं. मूळ कच्च्या नोट्स दिल्लीत होत्या म्हणून वाचल्या, पण १९७६ चं पुस्तक बरंचसं आठवणीतून लिहावं लागलं त्यांना. तेव्हा स्कॅन कर, एक प्रत तुझ्याकडे, एक भावाच्या घरी.

माळव्यातला_मास्तर:
काकांशी सहमत, पण ताई, स्कॅन करून लिंक कुठेही टाकू नका. नावं आहेत त्यात, कर्जाचे आकडे असतील, त्या लोकांची नातवंडं त्याच गावात राहतात. मानववंशशास्त्रज्ञ एड्रियन मेयर १९५४ मधे देवासकडे येऊन राहिले तेव्हा त्यांनीही छापताना गावाचं नाव बदलून रामखेडी केलं होतं. पुढे २०१० नंतर लंडनच्या सोआस विद्यापीठातल्या लोकांनी त्याच गावाचा परत अभ्यास केला, आधीचं इतकं बारीक लिहिलेलं होतं म्हणूनच तर काय बदललं ते पडताळता आलं. आणि तुमच्या आईचे कागद त्याच पट्ट्यातले, बरोब्बर मधल्या वर्षांचे, विचार करा किती मोलाचे आहेत! आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) सर्व्हेचा डेटा जपणारी डेटा सर्व्हिस आहे, तिथे विचारा, मूळ कागद किती वर्षं बंद ठेवायचे ते देतानाच लिहून द्या. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, गठ्ठ्यांचा क्रम मोडू नका, लॅमिनेशन तर करूच नका.

इंदूरची_लेक:
कोडबुक मिळालं!! डायरीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेलं होतं. २ म्हणजे "नवरा-बायको मिळून". म्हणजे ते घर रिपोर्टात "मिळून" मधेच मोजलं असणार, आणि सून दाराआड. भावाला दोन्ही फोटो पाठवले, तो रविवारी स्कॅनर घेऊन येतोय.