कचरा संकलनाचा ठेका टनावर द्यावा की घरटी, म्हणजे दर घरामागे?

वजनकाटा
घनकचरा, पर्यावरण आणि दुर्बल घटक हे विषय राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत ६, ८ आणि ९ असे जवळजवळच बसलेत. पालिकेत मात्र तीन खाती, तीन टेबलं. टनावर दिलेला कचऱ्याचा ठेका हे त्याचंच फळ.

टनाला पैसे म्हटले की काट्यावर वजन वाढवणं आलंच. घंटागाडीत राडारोडा येतो, नाल्यातला गाळ येतो, पावसाळ्यात ताडपत्री मुद्दाम उघडी राहते. पुठ्ठा, बाटल्या कचरावेचकांनी उचलल्या की ठेकेदाराचं वजन घटतं, म्हणून त्यांना गाडीजवळ उभंच करत नाहीत. २०१६ च्या घनकचरा नियमांतला नियम १५ नेमकं उलटं सांगत होता: त्यांच्या संघटनांना मान्यता द्या, सुका कचरा छाटायला जागा द्या. घरोघरचं संकलन घरटी दरानं, वेचकांच्या सहकारी संस्थेलाच द्यावं. पुण्यात ‘स्वच्छ’ २००८ पासून याच धर्तीवर काम करते. घराकडून मासिक शुल्क, आणि भंगाराचे पैसे वेचणाऱ्याचे.

टेंडरबाबू
टनाला काटापावती असते, ती लेखापरीक्षकापुढे ठेवता येते. घरटी दरात अर्ध्या गल्ल्या कागदावरच उचलल्या जातील, त्या मोजणार कोण?

दुसरं, शुल्क थकतं ते वस्त्यांमध्ये. ती थकबाकी वेचणारीच्या कमाईतून जाते. म्हणजे एका गरिबाची उधारी दुसऱ्या गरिबाच्या माथी, आणि याला आपण सामाजिक न्याय म्हणायचं. ठेक्याच्या निविदेत निदान किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधीची अट घालता येते. सहकारी संस्थेत ती बाई सभासद ठरते, कामगार नाही.

वजनकाटा
भविष्य निर्वाह निधीचा मुद्दा बिनतोड. वस्तीतली तूट मात्र पालिकेनं भरावी. वाहतूक आणि डेपोवरच्या प्रक्रियेचा खर्च वाचतो, त्यातून ती निघते. मोजायचंच असेल तर डेपोवर गेलेला कचरा मोजा आणि तो जितका कमी, तितका मोबदला जास्त ठेवा. काटा तोच, फक्त उलटा लावायचा.

टेंडरबाबू
उलटा लावला की कचरा नाल्यात जाईल. डेपोवर नाही पोहोचला, मोबदला मिळाला!

खतखड्डा
दोघंही संकलनावरच अडलात. योजना बुडतात त्या ओल्या कचऱ्यात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं आणि नत्र जास्त. खत नीट व्हायला कर्ब-नत्र (कार्बन-नायट्रोजन) प्रमाण २५ ते ३० ला १ लागतं, म्हणजे भरपूर वाळका पाला हवा. वॉर्डातला पाला जातो कुठे? सकाळी झाडून कोपऱ्यावर पेटवतात. झाडणाऱ्यांना पाला जाळू देऊ नका, वेगळा साठवा, हेही २०१६ च्या त्याच नियम १५ मध्ये होतं. पाल्याविना खड्डा कुजतो, माश्या होतात, रहिवासी तक्रार करतात आणि खड्डा बंद.

ढीग साधारण दीड मीटर उंच, आतलं तापमान काही दिवस ५५ अंशांवर, अधूनमधून पालट. मुठीत दाबलं की एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागली तर पाला घाला. चोवीस तासांत खत करणारी यंत्रं बहुतेक वेळा कचरा नुसता वाळवतात. तो ‘खत’ म्हणून बागेत टाका, पाणी लागलं की पुन्हा वास. रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच आवारात जिरवायचा असतो, तिथे हीच यंत्रं आणून फोटो काढले जातात.

डेपोशेजारी
टन की घर, डेपो आमच्यासारख्या गावांच्याच उशाला. मिश्र कचऱ्यातून झिरपणारा काळा द्राव बॅटऱ्या, ट्यूबलाइटमधले जड धातू घेऊन विहिरीत उतरतो. त्या गावाला शहराच्या सभागृहात नगरसेवक नाही, मत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या कचरा डेपोशेजारच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या तेव्हा कुठे छत्रपती संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, कचरा दिसला. ठेका कसाही द्या, पण मिश्र कचरा पाठवणाऱ्या वॉर्डाची गाडी परत फिरवायचा अधिकार डेपोच्या गावाला हवा.

टेंडरबाबू
पाल्याचं पटलं, तो उद्यापासून वेगळा ठेवता येईल. पण गाडी परत फिरवली तर ती रिकामी कुठे करायची? वॉर्डात प्रक्रियेसाठी विकास आराखड्यात जागेचं आरक्षण टाकलं की पहिली हरकत मोठ्या सोसायटीची. फेरफार होत होत जागा शेवटी झोपडपट्टीला खेटून मिळते. नारेगावचा डेपो मग शहराच्या आत येतो, इतकंच.

खतखड्डा
मग सोसायटीची हरकत फेटाळायला आयुक्तांना कोण अडवतं? विकास आराखडा पालिकेचाच असतो ना?